वायरलेस हार्ट मेश प्लांटमध्ये बसवायचं तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे चुकतं

ट्रान्समीटर (प्रेशर, लेव्हल, टेंपरेचर मोजून रीडिंग पाठवणारी उपकरणं) आले, टॅपिंगवर चढवले, बॅटरी घातली आणि मग सगळे गेटवेच्या (सगळ्या ट्रान्समीटरचा डेटा गोळा करून कंट्रोल सिस्टिमला देणारा डबा) स्क्रीनकडे बघत बसलेत, निम्मे दिसतायत, निम्मे येतात-जातात, एक तर दिसलेलाच नाही. आपल्याकडे एमआयडीसीतल्या कितीतरी युनिटमध्ये हेच चालू असतं आणि दोष नेहमी "वायरलेस आहे, असंच असतं" म्हणून वायरलेसवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा क्रमात असतं. मेश, म्हणजे एकमेकांचा डेटा पुढे देत गेटवेपर्यंत पोचवणारं ट्रान्समीटरचं जाळं, आपले रस्ते स्वतः शोधतं हे खरं, पण रस्ते निघतील अशा जागी ट्रान्समीटर असले तरच ना! ते काम आपलं आहे आणि ते कागदावर, ऑर्डर द्यायच्या आधी करायचं असतं.

इथे मी वायरलेस हार्टबद्दल लिहितोय, म्हणजे आयईसी ६२५९१. २.४ गिगाहर्ट्झ बँड, ८०२.१५.४ रेडिओ, १० मिलीसेकंदाचे टाइम स्लॉट, आणि प्रत्येक वेळी चॅनल बदलत जाणारं ट्रान्समिशन. आयएसए १००.११ए हे वेगळं स्टँडर्ड आहे, रेडिओ त्याच जातीचा असला तरी दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे "वायरलेस ट्रान्समीटर" एवढंच लिहून इंडेंट (खरेदीची मागणी) पाठवू नका, कुठलं स्टँडर्ड ते स्पष्ट लिहा.

१. वायरलेसवर काय घ्यायचं ते आधी ठरवा

पॉइंटची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे रीडिंग कशाला हवंय. नुसतं लॉगिंग, अलार्म, ऑपरेटर बघून व्हॉल्व्ह फिरवणार, की लूपमध्ये जाणार, म्हणजे त्यावरून कंट्रोलर आपोआप व्हॉल्व्ह फिरवणार.

ट्रिप, इंटरलॉक, इमर्जन्सी शटडाउन हे वायर्डच राहू द्या. त्यावर चर्चा नको. टँकचा हाय-हाय ज्यावर पंप बंद होतो तो वायर्ड, त्याच टँकचं लेव्हल इंडिकेशन मात्र वायरलेस चालेल. क्लोज्ड लूप कंट्रोल करायचंच असेल तर सावकाश चालणारे लूप घ्या, मोठ्या व्हेसलचं टेंपरेचर वगैरे. फ्लो किंवा लाइन प्रेशरसारखे चपळ लूप घेऊ नका.

मग अपडेट रेट. इथे सगळ्यात जास्त गडबड होते कारण प्रत्येकाला १ सेकंद हवा असतो. ठोकताळा असा की मॉनिटरिंग आणि ओपन लूपसाठी अपडेट प्रोसेसच्या टाइम कॉन्स्टंटपेक्षा (प्रोसेसला बदलायला साधारण लागणारा वेळ) ३ ते ४ पट जलद हवा, क्लोज्ड लूपसाठी ४ ते १० पट. जो टँक भरायला ६ तास घेतो त्याची लेव्हल मिनिटाला एकदा आली तरी भरपूर झाली. १ सेकंद ठेवलात तर बॅटरी लवकर जाते आणि गेटवेची क्षमताही खाल्ली जाते. बाजारातल्या एका नेहमीच्या गेटवेचं गणित सांगतो, ८ सेकंदाला १०० डिव्हाइस, ४ ला ५०, २ ला २५ आणि १ सेकंदाला फक्त १२. तुमच्या गेटवेची डेटाशीट उघडून हे आकडे बघा आणि पुढे वाढवायला जागा शिल्लक ठेवा.

२. प्लॉट प्लॅनवर लेआउट

हा टप्पा लोक सरळ गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्लॉट प्लॅनची स्केलवाली प्रिंट घ्या, १:५०० असेल तर सोयीचं. प्रत्येक ट्रान्समीटरची जागा टिंब देऊन दाखवा आणि उंचीही लिहा, जमिनीपासून किती ते. आता रेंज धरायची. डेटाशीटवर छापलेली रेंज धरू नका, ती मोकळ्या मैदानातली असते. प्लांटमध्ये नियोजनासाठी हे आकडे वापरतात:

- दाट भाग, माणूस किंवा ट्रॉली सहज आत जाणार नाही एवढी पाइप आणि इक्विपमेंटची गर्दी: ३० मीटर
- मध्यम, नेहमीचा प्रोसेस एरिया, मधून गाडी जाते: ७५ मीटर
- हलका, टँक फार्मसारखा, मधे मोकळी जागा भरपूर: १५० मीटर
- पूर्ण मोकळं, अँटेना सगळ्या अडथळ्यांच्या वर आणि चढउतार ५ अंशांपेक्षा कमी: २२५ मीटर

१:५०० वर ७५ मीटर म्हणजे १५ सेंटिमीटर आणि ३० मीटर म्हणजे ६ सेंटिमीटर. कंपास घ्या आणि वर्तुळं काढा. मग तीन नियम लावायचे. गेटवेच्या रेंजमध्ये थेट कमीत कमी ५ डिव्हाइस. प्रत्येक डिव्हाइसला रेंजमध्ये कमीत कमी ३ शेजारी. आणि नेटवर्क मोठं झालं की एकूण डिव्हाइसच्या कमीत कमी २५ टक्के थेट गेटवेच्या रेंजमध्ये. २ सेकंद किंवा त्याहून जलद पॉइंट असतील तर हेच प्रमाण ५० टक्के धरा.

उदाहरण घेऊ. समजा सॉल्व्हंटचा टँक फार्म आहे, १२ टँकवर लेव्हल, पंप हाउसमध्ये ४ प्रेशर, आणि टँक फार्मच्या कडेपासून १२० मीटरवर ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) २ पॉइंट. एकूण १८. २५ टक्के म्हणजे साडेचार, म्हणजे ५ डिव्हाइस थेट रेंजमध्ये पाहिजेत, टँक फार्मच्या कडेला गेटवे ठेवला की हे सहज जमतं. टँकच्या माथ्यावरचे ट्रान्समीटर एकमेकांना वरून बघतात, तिथे काही चिंता नाही.

अडचण पंप हाउसची. ते ४ ट्रान्समीटर खाली, डाइक वॉल (टँकभोवतीची संरक्षक भिंत) आणि टँकच्या मधे, पत्र्याच्या शेडखाली. नकाशावर ते गेटवेपासून ५० मीटरवर दिसतात म्हणून लोक टिक करून मोकळे होतात, पण त्यांच्यासाठी दाट भागाचे ३० मीटरच धरायला हवेत. मग गेटवे त्यांच्या रेंजमध्ये नाही. तरी ४ जण एकमेकांचे शेजारी आहेत आणि जवळच्या टँकच्या माथ्यावरचे एक-दोन ३० मीटरमध्ये बसले तर काम होतं. बसत नसतील तर शेडच्या बाहेर, पत्र्याच्या वर एक रिपीटर, म्हणजे नुसता दुसऱ्यांचा डेटा पुढे पाठवणारा डिव्हाइस.

ईटीपीचे दोन मात्र, मधला भाग मध्यम म्हणून ७५ मीटर धरला तर, सरळ नापास. प्रत्येकाला एकच शेजारी, तो म्हणजे दुसरा. इथे पाइप रॅकवर साधारण ६० मीटरवर २ रिपीटर द्यायचे, म्हणजे ईटीपीच्या प्रत्येकाला ३ शेजारी झाले. दोन्ही रिपीटर एकाच खांबाला बांधू नका, एक क्रेन आडवी आली की दोन्ही एकदम जातात. स्वतंत्र रिपीटर महाग वाटत असेल तर त्या जागी कामाचं काही रीडिंग मिळतंय का बघा, साधा टेंपरेचर ट्रान्समीटरसुद्धा रिपीटरचं काम करतो.

तपासा: लेआउट झाल्यावर गेटवेच्या सगळ्यात जवळचा एखादा डिव्हाइस खोडा आणि तिन्ही नियम पुन्हा लावून बघा. मग दुसरा खोडा. एक खोडल्यावर मागचे तीन-चार अनाथ होत असतील तर तिथे नेटवर्क कच्चं आहे, आत्ताच भक्कम करा.

३. ऑर्डर देण्यापूर्वीची कागदपत्रं

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा हा बँड २००५ च्या नियमांनुसार ठरलेल्या पॉवरपर्यंत लायसन्समुक्त आहे, पण उपकरणाला डब्ल्यूपीसीकडचं (रेडिओ लहरींचं नियमन करणारं सरकारी खातं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागतं, ते व्हेंडरकडून लेखी घ्या. ज्वालाग्राही भागात लावायचं असेल तर त्या मॉडेलला, तुमच्या झोन आणि गॅस ग्रुपसाठी, पेसोची (स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मान्यता आहे का बघा. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. नुसतं "एटेक्स (युरोपातलं प्रमाणपत्र) आहे" हे उत्तर पुरेसं नाही. आणि अँटेना, गेटवे, रिपीटर यांचीही कागदपत्रं मागा, लोक फक्त ट्रान्समीटरची मागतात.

बॅटरी लिथियम थायोनिल क्लोराइडची असते, तिची ने-आण धोकादायक मालाच्या नियमांत येते, त्यामुळे वेळ लागतो. ट्रान्समीटर आले आणि बॅटरी अजून वाटेत, असं होऊ देऊ नका.

४. बेंचवर कॉन्फिगरेशन

फील्डमध्ये शिडीवर उभं राहून ३२ अंकी की टाकायची नसते. हे काम वर्कशॉपमध्ये, टेबलावर.

हँडहेल्ड कम्युनिकेटर जोडून प्रत्येकात टॅग, युनिट, रेंज, अपडेट रेट, नेटवर्क आयडी आणि जॉइन की टाका. जॉइन की १२८ बिटची, म्हणजे ८-८ अंकांचे ४ गट, हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ). एकदा लिहिली की डिव्हाइसमधून परत वाचता येत नाही, त्यामुळे चूक झाली तर दिसत नाही, फक्त पुढे डिव्हाइस जॉइन होत नाही. हाताने लिहिलेल्या कागदावरून टाकताना ८ आणि बी, ० आणि डी यांची अदलाबदल हमखास होते. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं, आणि गट संपला की दुसऱ्याने परत वाचून दाखवायचं.

कंपनीकडून आलेला डिफॉल्ट नेटवर्क आयडी आणि की तशीच ठेवू नका. प्लांटमध्ये दोन गेटवे असतील तर दोघांचे आयडी वेगळे. आयडी एकच राहिला तर कुठला डिव्हाइस कुणाच्या मागे जाईल याचा भरवसा नाही.

जपून: जॉइन की पॅनलच्या दारावर मार्करने लिहू नका आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. डेटा एईएस १२८ ने एनक्रिप्ट होतो हे खरं, पण नवीन डिव्हाइसला आत घेणारी चावी हीच आहे.

कॉन्फिगर झालं की बॅटरी काढून ठेवा. नेटवर्क नसताना बॅटरी आत राहिली तर डिव्हाइस शोधत राहतो आणि कपाटातच बॅटरी संपत जाते.

५. गेटवे

पहिला चालू व्हायचा तो गेटवे. तो कंट्रोल रूममध्ये एमसीसीच्या (मोटरच्या स्टार्टरचं पॅनल) शेजारी लोखंडी पॅनलमध्ये बंद करून ठेवला तर पुढचं सगळं वाया. अँटेना जमिनीपासून साधारण ५ ते ७ मीटर, किंवा आजूबाजूच्या स्ट्रक्चरच्या २ मीटर वर, उभी, मोकळी. मात्र २००५ च्या नियमांत छतावरच्या अँटेनाच्या उंचीलाही मर्यादा आहे, उंच मास्ट टाकायच्या आधी ती बघून घ्या. लांबवर न्यायचं असेल तर इथरनेट केबल किंवा फायबर लांबवा, अँटेनाची केबल लांबवू नका, तिच्यात सिग्नल जातो. वायफायचा अॅक्सेस पॉइंट त्याच पाइपला चिकटून नको, बँड तोच आहे.

पॉवर यूपीएसवरून द्या. ट्रान्समीटर बॅटरीवर चालू राहतात पण गेटवे गेला की अख्खं नेटवर्क मोडतं आणि परत जुळायला वेळ घेतं. अँटेना लाइनला लाइटनिंग अरेस्टर आणि नीट अर्थिंग, यात काटकसर नको. कोकणातल्या युनिटवाल्यांनी तर हे वळवाच्या पावसाआधी उरकावं.

६. फील्डमध्ये बसवणं

प्रोसेस कनेक्शन वायर्ड ट्रान्समीटरसारखंच, त्यावर वेगळं लिहीत नाही. फरक अँटेनाचा. ती उभी हवी, आडवी किंवा तिरकी नको, आणि टँक शेल, भिंत, मोठी पाइप अशा गोष्टींपासून साधारण १ मीटर लांब. हे जमत नाही म्हणून अँटेना शेलला टेकवून सोडून देतात. ट्रान्समीटर तिथून हलवता येत नसेल तर रिमोट अँटेनावालं मॉडेल घ्या किंवा इम्पल्स लाइन (टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंतची नळी) थोडी वाढवून बॉडी बाहेर आणा.

दुसरी चूक पेंटरची. शटडाउनमध्ये स्ट्रक्चर रंगवताना अँटेनावर अॅल्युमिनियम पेंट बसतो आणि रीडिंग अडखळायला लागतं. पेंटिंगच्या परमिटमध्येच लिहून टाका की अँटेना झाकायची.

पावसाळ्यासाठी: न वापरलेल्या एंट्रीला प्लॅस्टिकची ट्रान्सपोर्ट कॅप न ठेवता योग्य प्लग, कव्हर शेवटपर्यंत घट्ट, ओ-रिंग जागेवर. जुन्या वायर्ड हार्ट ट्रान्समीटरवर वायरलेस अॅडॉप्टर लावत असाल तर तो लूपमधून व्होल्टेज खातो, त्यामुळे आधी लूपचं व्होल्टेज मोजा. बॅरिअर (ज्वालाग्राही भागात जाणारी वीज मर्यादित ठेवणारा) आणि लांब केबल असेल तर व्होल्टेज उरत नाही आणि आधी बरा चाललेला ट्रान्समीटर २० मिलीअँपच्या जवळ अडकतो.

७. चालू करायचा क्रम

गेटवे चालू. मग त्याच्या सगळ्यात जवळचा ट्रान्समीटर, बॅटरी घाला, जॉइन होऊ द्या. मग त्याच्या पुढचा. आतून बाहेर, असंच जायचं. ईटीपीचे दोन आणि त्यांच्याआधी रिपीटर, हे शेवटी. ज्यांच्यातून रस्ता जाणार आहे तेच अजून जॉइन नसतील तर लांबचा नुसता शोधत बसणार.

जॉइन व्हायला काही मिनिटं लागतात, कधी जास्तही. गेटवेमध्ये अॅक्टिव्ह अॅडव्हर्टायझिंग चालू करता येत असेल तर या कामापुरतं करा, नेटवर्क नव्या डिव्हाइसला जास्त वेळा हाक देतं आणि लवकर होतं. एलसीडीवर साधारण सर्चिंग, निगोशिएटिंग, लिमिटेड, मग ओके असे टप्पे दिसतात, शब्द कंपनीप्रमाणे बदलतील. कुठे अडकला यावरून कारण कळतं. सर्चिंगच्या पुढेच जात नाही म्हणजे त्याला आपलं नेटवर्क ऐकूच येत नाहीये, नेटवर्क आयडी चुकलाय किंवा रेंज नाही. पुढे जातो आणि परत सर्चिंगला येतो, पुन्हा पुन्हा तेच, तर जॉइन की वर संशय घ्या.

जपून: दोन मिनिटांत आला नाही म्हणून बॅटरी काढघाल करू नका. प्रत्येक वेळी तो पहिल्यापासून सुरू करतो, आणि तुमच्या हातात तीच माहिती राहते जी आधी होती.

८. दुसऱ्या दिवशीची तपासणी

सगळे ओके दिसले म्हणून त्याच संध्याकाळी कमिशनिंग रिपोर्टवर सही करू नका. मेश आपले रस्ते तासन्‌तास सुधारत असतं. कमीत कमी ४ तास, शक्यतो २४ तास तसंच चालू द्या, मग गेटवेच्या डायग्नोस्टिक पेजवर प्रत्येकासाठी बघा: शेजारी कमीत कमी ३ आहेत का, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उणे ७५ डीबीएमपेक्षा चांगला आहे का, पाथ स्टेबिलिटी (एका रस्त्यावर पाठवलेल्यापैकी किती पोचतं) ६० टक्क्यांच्या वर आणि रिलायबिलिटी (शेवटी गेटवेपर्यंत किती डेटा येतो) ९९ टक्क्यांच्या वर आहे का. उणे ८५ हा उणे ७५ पेक्षा वाईट, हे नवीन मुलांना एकदा सांगून ठेवा, आकडा मोठा दिसतो म्हणून चांगला समजतात.

ही तपासणी प्लांट नेहमीसारखा चालू असताना करा. रविवारी रिकाम्या यार्डात सगळं छान दिसतं, सोमवारी लोडिंग बेमध्ये चार टँकर उभे राहिले की खालचे दोन पाथ गेले.

एखादा कमजोर निघाला तर गेटवे हलवायची घाई नको, तो हलवला की सगळ्यांचीच गणितं बदलतात. कमजोर डिव्हाइस आणि चांगल्या शेजाऱ्याच्या मधे एक रिपीटर द्या.

९. डीसीएस किंवा पीएलसीला (प्लांटच्या कंट्रोल सिस्टिमला) जोडणं

इथली चूक सगळ्यात धोक्याची, कारण ती दिसत नाही.

मॉडबसवर (गेटवे आणि कंट्रोल सिस्टिम ज्या भाषेत बोलतात तो प्रोटोकॉल) साधारण दोन अडचणी येतात. एक, रजिस्टर नंबरमध्ये १ चा फरक. दोन, फ्लोटचे (दशांश आकड्याचे) १६-१६ बिटचे दोन शब्द उलटसुलट. हा दुसरा प्रकार लोकांना फार फिरवतो. ट्रान्समीटरवर १००.० आहे, हेक्समध्ये ४२सी८ ००००. शब्द उलटे वाचले तर ०००० ४२सी८ होतं आणि स्क्रीनवर ०.०० दिसतं, म्हणून सगळे ट्रान्समीटर तपासायला पळतात. तेच रीडिंग २५.३ असेल तर उलटं होऊन अवाढव्य आकडा येतो. एक टॅग शून्य आणि दुसरा अवाढव्य, असं दिसलं तर फील्डमध्ये जाण्याआधी वर्ड ऑर्डर बदलून बघा.

आता शिळं रीडिंग. ट्रान्समीटरचा संपर्क तुटला तर गेटवे रजिस्टरमध्ये काय ठेवतो? सेटिंगप्रमाणे शेवटचं रीडिंग तसंच राहू शकतं. मग ऑपरेटरला टँक ६२ टक्के दिसतो, हिरवा, अलार्म नाही, आणि टँक प्रत्यक्षात भरत चाललाय. त्यामुळे संपर्क तुटल्यावर ठरावीक अवैध व्हॅल्यू द्यायची असं गेटवेमध्ये सेट करा आणि प्रत्येक पॉइंटचा स्टेटससुद्धा डीसीएसमध्ये घ्या, नुसती व्हॅल्यू नको. शक्य असेल तर अपडेट रेटच्या ३-४ पट वेळ नवीन डेटा आला नाही की टॅगचा रंग बदलेल असं लॉजिक टाका. लूपमध्ये वापरत असाल तर स्टेटस खराब झाल्यावर कंट्रोलर मॅन्युअलला जाईल की आउटपुट धरून ठेवेल, हे प्रोसेसवाल्यांना विचारून ठरवा, इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी परस्पर नाही.

तपासा: परमिट घेऊन एका ट्रान्समीटरची बॅटरी काढा आणि कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या शेजारी उभे राहा. त्याला कोणी न सांगता कळलं का, किती वेळात, ते बघा. कळलं नाही तर काम पूर्ण झालेलं नाही.

१०. ताब्यात देताना

प्लॉट प्लॅनची सुधारलेली प्रत, रिपीटरसकट. बॅटरी बदलल्याची तारीख लिहायला तक्ता. बॅटरी रिचार्ज करायची नसते, शॉर्ट होऊ द्यायची नसते, आणि जुन्या बॅटऱ्या भंगारात टाकायच्या नसतात, हे मेंटेनन्सच्या माणसांना समोर बसवून सांगा. बरेच दिवस पडून राहिलेली नवी बॅटरी सुरुवातीला व्होल्टेज कमी दाखवू शकते, लगेच खराब ठरवू नका, थोडा वेळ डिव्हाइसमध्ये चालू द्या.

आणि एक गोष्ट मॅनेजमेंट ऑफ चेंजच्या (प्लांटमध्ये काही बदलण्याआधी घ्यायच्या मंजुरीच्या) फॉर्ममध्ये कायमची टाकून घ्या. वायर्ड ट्रान्समीटर काढला तर एक रीडिंग जातं, इथे तसं नाही. पंप बंद केला म्हणून त्याचा प्रेशर ट्रान्समीटर स्टोअरला जमा करायच्या आधी गेटवेमध्ये बघा की त्याच्यातून अजून कुणाचा डेटा येतोय का. येत असेल तर पंप गेला तरी ट्रान्समीटर तिथेच राहू दे, किंवा आधी त्या जागी रिपीटर लावा, तो जॉइन होऊन दिवसभर स्थिर दिसू द्या, आणि मगच जुना काढा.